फॉरमॅट मारण्याआधी

२००९ साली आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला. त्याच वर्षी आमची नवघर-माणिकपूर नगरपरिषद जाऊन वसई-विरार महापालिका झाली, पण माझ्यासाठी मोठी बातमी हॉलच्या कोपऱ्यात होती. ग्रँट रोडला उतरून, लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून जोडलेलं मशीन. ८० जीबीची हार्ड डिस्क, दोन ड्राइव्ह. सीमध्ये विंडोज एक्सपी, डीमध्ये आमचं सगळं. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यांचे मेंटेनन्सचे हिशेब. माझे गेम. आणि आईनं मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या आजीच्या ओव्या.

आजी सातारकडची. जात्यावर बसून तिला कित्येक वर्षं झाली होती, पण ओव्या तोंडपाठ. दुपारची कामं आटपली की आई मोबाइल समोर धरायची आणि आजी म्हणायची. फाइल्स कॉम्प्युटरवर टाकल्या आणि मेमरी कार्ड रिकामं केलं. कॉम्प्युटरवर आहेत म्हणजे कायमच्या आहेत, असा आमचा समज.

वर्षभरात मशीन विचित्र वागायला लागलं. टास्क मॅनेजर उघडायला गेलं की 'तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं हे बंद केलं आहे' असा मेसेज. आमच्या घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण, असा प्रश्न बाबांनी खरोखर विचारला होता. 'फोल्डर ऑप्शन्स' मेनूतून गायब. मग एके दिवशी डी ड्राइव्हमधल्या फोल्डरवर क्लिक केलं तर काहीच उघडेना. ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्यानं येऊन पाच मिनिटांत निदान केलं : व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल.

"डीमधलं राहील ना?" बाबांनी त्याला नाही, मला विचारलं. घरातला कॉम्प्युटर एक्स्पर्ट मी होतो. वय वर्षं तेरा.

"ते गेलंच आहे," मी म्हणालो. "दोन्ही ड्राइव्ह मारू दे."

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात लॅबमध्ये माझ्या पेनड्राइव्हला हेच झालं. शेजारी बसलेल्या सीनिअरनं काळी खिडकी उघडून 'अ‍ॅट्रिब'ची एक ओळ टाइप केली आणि सगळे फोल्डर परत दिसायला लागले. तो सहज म्हणाला, "अरे, जात काहीच नाही. तो फक्त लपवतो." मला त्या क्षणी आजी आठवली. ती जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

या व्हायरसची युक्ती साधी होती. तो तुमचा खरा फोल्डर 'हिडन' करायचा आणि त्याच नावाची, फोल्डरचंच चित्र असलेली एक डॉट ईएक्सई फाइल तिथे ठेवायचा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट आपणहून दाखवत नसे, त्यामुळे फरक कळायचा नाही. तुम्ही क्लिक केलं की व्हायरस चालू व्हायचा, आणि बहुतेकदा मागून खरा फोल्डरही उघडून द्यायचा, म्हणजे संशय नको. प्रवास पेनड्राइव्हवरून. सीडी घातली की आपोआप चालू व्हावी म्हणून विंडोज ९५ मध्ये 'ऑटोरन' नावाची सोय आली होती. पुढे तिचाच आधार घेऊन हे व्हायरस पेनड्राइव्हवरून पसरले. सायबर कॅफे, झेरॉक्सचं दुकान, शाळेची लॅब, मग घर. मायक्रोसॉफ्टनं २०११च्या फेब्रुवारीत जुन्या विंडोजसाठी पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारा अपडेट पाठवला. आमच्या घरी तोवर उशीर झाला होता.

त्या दिवसानंतर मला या सगळ्याचा इतिहास वाचायचं वेड लागलं. आणि कळलं, की चूक माझी असली तरी नवी नव्हती.

आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जाणारा 'ब्रेन' १९८६ साली लाहोरमध्ये तयार झाला. तो लिहिणाऱ्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी त्यात आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिला होता! आपल्याकडचा 'जोशी' त्या मानानं लाजाळू. १९९० साली भारतात सापडलेला हा व्हायरस वर्षभर गप्प बसायचा. ५ जानेवारीला मशीन अडकवून ठेवायचा आणि पडद्यावर सांगायचा, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. टाइप केलं की मशीन सुटायचं. ऐकायला गंमत वाटते, पण तो चिवट होता. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून मशीन रीस्टार्ट केलं तरी मेमरीतून हलत नसे. वीजच बंद करावी लागे.

मग १९९१ मध्ये सापडला 'मायकलअँजेलो'. तो ६ मार्चला जागा व्हायचा आणि हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग कचऱ्यानं भरून टाकायचा. ६ मार्च हा त्या इटालियन चित्रकाराचा जन्मदिवस, एवढ्यावरून हे नाव पडलं. व्हायरसच्या कोडमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

याच काळात पुण्यात कैलास काटकर यांचं कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान होतं. जन्म सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा. दहावीनंतर शिक्षण सोडून महिना ४०० रुपयांवर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागलेला हा माणूस पुढे १५,००० रुपये घालून स्वतःचं दुकान काढतो आणि कॅल्क्युलेटरवरून कॉम्प्युटरच्या दुरुस्तीकडे वळतो. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजमध्ये कॉम्प्युटर शिकत होता. दुकानात येणारी बरीचशी मशीन बिघडलेली नसायची, त्यांना व्हायरस झालेला असायचा. संजय त्यावर बसून एकेका व्हायरसवर छोटे प्रोग्राम लिहू लागला.

असा प्रोग्राम नेमकं काय करतो? मायकलअँजेलोचंच उदाहरण घ्या. हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये मशीन सुरू करणारा कोड आणि डिस्कचे भाग कुठे सुरू होतात याची नोंद असते. व्हायरस ती जागा बळकावतो. पण मशीन चालू तर राहिलं पाहिजे, नाहीतर तो पसरणार कसा? म्हणून तो मूळ सेक्टर पुसत नाही. उचलून सातव्या सेक्टरमध्ये ठेवतो. ६ मार्च उजाडायच्या आत तुम्ही स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू केलंत, सातव्या सेक्टरमधला मजकूर पहिल्यात परत ठेवलात, की झालं. एक फाइलही जात नाही.

आणि डॉसमध्ये फॉरमॅट मारला असता तर? 'फॉरमॅट' कमांड त्या पहिल्या सेक्टरला हातच लावत नसे. म्हणजे तुमच्या सगळ्या फाइल्स जायच्या आणि व्हायरस तसाच राहायचा. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ नुसता बसून होतो.

काटकर बंधूंच्या छोट्या प्रोग्रामांची मोट बांधून १९९५ मध्ये 'क्विक हील' हे अँटिव्हायरस बाजारात आलं. कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, २००७ मध्ये ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. यशोगाथा म्हणून ही गोष्ट तुम्ही ऐकलीही असेल. मला त्यात वेगळंच महत्त्वाचं वाटतं. ती गोष्ट दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झाली. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा माणूस आधी झाकण उघडतो, कुठली तार सुटली ते बघतो, तेवढीच जोडतो. मी झाकण न उघडताच निकाल दिला होता.

आता हे सगळं तुमच्या खिशात आलंय. लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिकच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते. पत्रिका ही पीडीएफ असते किंवा फोटो. ती 'इन्स्टॉल' करावी लागत नाही. पण तेव्हा फोल्डरचं चित्र बघून आम्ही क्लिक करत होतो, आता गणपतीचं चित्र बघून करतो. फसवायची रीत तीच. फरक एवढाच, की हल्लीचा व्हायरस वाढदिवसाच्या शुभेच्छा मागत नाही. ओटीपी चोरतो.

आणि कुणी 'सगळं गेलंय, रीसेट मार' म्हणालं, तर आधी इंटरनेट बंद करा आणि काय काय शिल्लक आहे ते बघा. ज्याची दुसरी प्रत नाही, ते आधी दुसरीकडे काढून घ्या. रीसेट नंतरही मारता येतो.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना माळ्यावर तो जुना सीपीयू सापडला. फॉरमॅट झाल्यावरही आम्ही तो पाच वर्षं वापरला होता, म्हणजे जुन्या जागेवर नवा मजकूर लिहून झालेला. फॉरमॅटमध्ये बहुतेकदा फक्त अनुक्रमणिका जाते, पानं तशीच राहतात. पण पानांवर कुणी दुसरं काही लिहिलं की संपलं. तरी हार्ड डिस्क काढली, लॅपटॉपला जोडली आणि फाइल शोधणारं एक मोफत सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवलं.

सकाळी हजारो तुकडे मिळाले, नावाऐवजी नुसते आकडे असलेले. सोसायटीची २०१० ची अर्धी थकबाकी यादी निघाली. बाबा म्हणाले, यातल्या दोघांनी अजून भरलेले नाहीत. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगच्या चार फाइल्स निघाल्या. तीन वाजल्याच नाहीत. चौथी चौदा सेकंदांची.

तिच्यात ओवी नाही. आजी विचारते, "झालं का गं चालू?" आई म्हणते, "झालं आत्या, म्हणा आता." मग भांडं पडल्याचा आवाज, आजीचं हसू, आणि फाइल संपते.

आईनं ती दोनदा ऐकली. मला काही बोलली नाही. पंधरा वर्षांपूर्वीही बोलली नव्हती. फक्त म्हणाली, "ही तीन ठिकाणी ठेव."

ठेवली आहे.