विलगीकरण आणि एकटेपणा: प्लेगच्या काळातून एक धडा

संशोधनाचा विषय मांडताना ‘विलगीकरण’ आणि ‘एकटेपणा’ हे शब्द एकाच अर्थाने वापरू नका. विलगीकरण बाहेरून दिसतं, दिवसांत मोजता येतं. एकटेपणा म्हणजे हवी असलेली नाती आणि प्रत्यक्षात मिळणारी नाती यांतली तफावत. पेप्लो आणि पर्लमन यांनी १९८२ मध्ये तो असाच मांडला. हा फरक जुन्या कागदपत्रांत कसा शोधायचा? महाडजवळच्या नाते गावापासून सुरुवात करू.

नाते आपल्याला माहीत असतं ते चिंतामणराव देशमुखांमुळे. त्यांचा जन्म इथलाच, १४ जानेवारी १८९६ चा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तेव्हा कोकणातले कितीतरी पुरुष मुंबईत गिरण्या-गोदीत राबायचे, दाटीवाटीने राहायचे; आई, बायको, पोरं मात्र गावी. म्हणजे गर्दी होती, जवळचं माणूस नव्हतं. साथ आली ती या परिस्थितीत.

सरकारने रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवायला सुरुवात केली. २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. सरकारी कागदांत याचं कारण सापडतं अफवा आणि अज्ञान. अफवा होत्याच. पण तुम्ही तिथेच थांबू नका. लोकांना नेमकं काय हवं होतं, ते बघा. १८९७ मध्ये वेगवेगळ्या समाजांना स्वतःची प्लेग इस्पितळं काढायची मुभा मिळाली. तिथे जेवण आपल्या पद्धतीचं, उशाशी आपलं माणूस. विरोध संपला नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल झाली. तरी या मागणीतून एक गोष्ट कळते: भीती नुसत्या रोगाची नव्हती, आपल्या माणसांपासून तुटून मरण्याचीही होती.

लाखो लोकांनी मुंबई सोडली. ‘जीव घेऊन पळाले’ असं आपण सहज लिहितो. पण पळाले कुठे? बहुतेक जण आपापल्या गावी, नात्यांकडे. मात्र ज्या नात्याचा आधार, त्याच वाटेने रोगही गावात शिरू शकत होता. नात्यांची ही दुसरी बाजू गाळलीत तर तुमचा निष्कर्ष गोड होईल, खरा होणार नाही.

२०२० मध्ये हाच पेच पुन्हा उभा राहिला. चाकरमानी परतले आणि कोकणात अनेक गावांनी त्यांना १४ दिवस शाळेत ठेवलं. शाळा एकच, दिवसही सारखेच. पण घरचा डबा येतो, कुंपणापलीकडून कोणी हाक मारतं, त्याचा अनुभव वेगळा; आपलेच लोक संशयाने बघतात, त्याचा वेगळा. कोहेन आणि विल्स यांनी १९८५ मध्ये याच अंगाने विचार केला होता: गरजेला पुरा पडणारा आधार ताणाची धार बोथट करतो. नुसतं नातं असून भागत नाही.

म्हणून प्रश्नावली करताना ‘किती दिवस वेगळे होता?’ एवढंच विचारू नका. ‘त्या दिवसांत कोणाची वाट बघत होता, आणि ते आले का?’ हेही विचारा. आणि जुनं दफ्तर चाळताना, ‘एकटेपणा’ हा शब्द सापडला नाही म्हणून पान उलटू नका. तो अर्जांत, तक्रारींत आणि दंग्यांच्या कारणांत दडलेला असतो.