गोळीवरचा कागद

बंदुकीचा इतिहास म्हटला, की पोलाद, शिसे आणि दारू एवढ्याच वस्तू डोळ्यांपुढे येतात. कागदाची आठवण सहसा कोणाला होत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षे चांगल्या रायफलीचा नेम पातळ कागदाच्या एका पट्टीवर अवलंबून होता. आणि हिंदुस्थानच्या इतिहासाशी तर ह्या कागदाचा संबंध फार निकटचा आहे.

शिसे हा जड खरा, पण मऊ धातू. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्या गोळीला पकडून भोवऱ्यासारखी फिरवतात, आणि ह्या फिरण्यामुळेच गोळी न डगमगता सरळ जाते. साच्यात ओतलेली उघडी गोळी वेगाने नळीतून जाऊ लागली, की ती खरवडली जाते. शिशाचा लेप खाचांत बसतो आणि काही बारांनंतर नेम ढळू लागतो. गोळीभोवती कागद गुंडाळला, म्हणजे खाचांची पकड गोळीला मिळते, पण शिशाला पोलादाचा स्पर्श होत नाही. मात्र नळीच्या तोंडाशी येताच कागदाच्या बारीक चिंध्या होऊन त्या गळून पडल्या पाहिजेत. एखादा तुकडा चिकटून राहिला, तर गोळीचा तोल जातो आणि निशाण हुकते.

1853 च्या नमुन्याची एनफील्ड रायफल ठासणीची होती. तिच्या कागदी काडतुसात एका टोकाला दारू आणि दुसऱ्या टोकाला गोळी असे. शिपायाने दारूकडचे टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून गोळी कागदासकट नळीच्या तोंडात बसवायची आणि उरलेला कागद फाडून टाकून गजाने ठासायचे, अशी रीत होती. गोळीभोवतीच्या कागदाला बाहेरून वंगण लावलेले असे. गोळी आणि नळी यांच्यामधील फट भरून काढणे व गोळी सहज खाली उतरू देणे, हे त्या कागदाचे काम. कारागिराच्या दृष्टीने योजना उत्तम होती. परंतु तो कागद कोणाच्या दातांखाली जाणार, आणि त्यावरील चरबी कोणत्या जनावराची, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांना वेळेवर सुचला नाही.

1857 च्या आरंभी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे ह्या रायफलीचे शिक्षण सुरू झाले, आणि चरबीची वार्ता छावण्यांतून पसरली. वंगण शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे लावावे, काडतूस हाताने फाडावे, असे हुकूम मागाहून निघाले. पण तोवर संशय चरबीवरून खुद्द कागदावर गेला होता. फेब्रुवारीत बहरामपूरच्या 19 व्या पलटणीने जी काडतुसे नाकारली, ती एनफील्डची नव्हती, जुन्या बंदुकांची होती. त्यांच्या कागदाचा रंग निराळा दिसला, एवढे कारण पुरे झाले. 10 मे रोजी मीरतेस उठाव झाला आणि जूनमध्ये ग्वाल्हेरच्या पलटणीही उठल्या. राज्य खालसा करण्याचे धोरण, वतनांचे प्रश्न, पगाराच्या तक्रारी अशी खोल कारणे ह्या उठावामागे होतीच. ठिणगी मात्र कागदावर पडली.

त्याच वसंत ऋतूत इंग्लंडमध्ये हाइथ येथे निराळीच परीक्षा चालली होती. मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांची षट्कोनी नळीची रायफल एनफील्डशी ताडून पाहण्यात आली. पाचशे यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरीने सव्वादोन फूट चुकत. व्हिटवर्थच्या अवघ्या साडेचार इंच. लांब, सडपातळ गोळी, जलद पेच आणि मापाचा कसोशीने सांभाळलेला काटेकोरपणा, ह्यांत तिचे रहस्य होते. 2 जुलै 1860 रोजी विंबल्डन येथे व्हिक्टोरिया राणीने आधारावर बसविलेल्या ह्याच जातीच्या रायफलीचा चाप ओढला, तेव्हा चारशे यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचाच्या आसपास लागली.

पुढे मागून भरण्याच्या बंदुका आल्या, तरी कागद गेला नाही. 26 सप्टेंबर 1874 रोजी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे अमेरिकन व आयरिश नेमबाजांचा सामना झाला. अंतरे होती आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. मागून भरण्याच्या रायफली व कागद गुंडाळलेल्या गोळ्या घेऊन अमेरिकनांनी 934 गुण मिळविले. ठासणीच्या रायफली वापरणाऱ्या आयरिश संघाचे 931 झाले. मिलनर नावाच्या आयरिश नेमबाजाची एक गोळी अगदी मध्यबिंदूवर लागली होती. पण ते निशाण शेजारच्याचे होते. त्या गोळीचे चार गुण बुडाले आणि सामना तीन गुणांनी गेला. रायफल अचूक असून भागत नाही, हे त्या दिवशी हजारोंनी पाहिले.

ब्रिटिश सेनेने 1871 मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल हे ह्या सर्व अनुभवांचे फळ. चापामागची तरफ खाली ओढली, की नळीचे मागचे तोंड उघडे. काडतूस सरकवून तरफ वर केली, की बार तयार. तिच्या 480 ग्रेन वजनाच्या गोळीत बारा भाग शिशाला एक भाग कथील मिसळलेले असे, कारण निव्वळ शिसे फार मऊ पडे. गोळीवर पांढरा कागद आणि तिच्यामागे मेणाची चकती असे. प्रत्येक बाराबरोबर नळीला थोडे मेण लागे. 1857 मध्ये ज्या वंगणाने अनर्थ ओढवला, ते आता पितळी काडतुसाच्या पोटात गेले होते. तेथे कोणाचे दात पोहोचत नव्हते.

परंतु विश्वास असा काडतुसात भरता येत नाही. 1857 नंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांहून एक पिढी जुने हत्यार द्यावयाचे, असे धोरण ठरले. 27 जुलै 1880 रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे लढाई झाली, तेव्हा गोऱ्या 66 व्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री होत्या, आणि त्यांच्याच रांगेत उभ्या असलेल्या मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडियर्स व जेकब्स रायफल्स ह्या पलटणींच्या हाती जुन्या स्नायडर होत्या. शत्रू एक, उन्हाचा ताप एक, पराभवही एकच; हत्यारे मात्र दोन तऱ्हेची.

1886 मध्ये फ्रान्सने धूर न करणाऱ्या दारूची रायफल काढली. गोळीचा वेग इतका वाढला, की कागदाचा निभाव लागेना. त्याची जागा तांबे-निकेलच्या कवचाने घेतली. लष्करातून कागद गेला. तथापि जुन्या तरफेच्या रायफली बाळगणारे हौशी नेमबाज, विशेषतः अमेरिकेत, ओतीव गोळीला आजही कागद गुंडाळतात. ओलसर कागदाचे नेमके दोन वेढे, टोके एकमेकांस भिडलेली पण एकावर एक न चढलेली. प्रत्येक गोळीचे वजन सारखे, आणि एका वेळी एकच फरक करून पाहण्याची शिस्त. नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक काडतुसे ठेवणाऱ्या रायफलीत कागद घासून फाटू नये, म्हणून गोळी काडतुसात खोल बसवावी लागते. बार झाल्यावर पुढे जाऊन ते जमिनीवरच्या चिंध्या वेचतात. बारीक, सारख्या चिंध्या मिळाल्या, तर कागदाने आपले काम केले असे समजतात.

कागदाची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येते. एनफील्डच्या कारखानदारांनीही आपली मापे काळजीपूर्वक घेतली होती. ज्याच्या तोंडी तो कागद जाणार होता, त्या माणसाला मात्र त्यांनी आधी काही विचारले नव्हते.