पाटाच्या पाण्यातली ऊर्जा : देवळाली प्रवरेहून एक थ्रेड

१) ऊर्जेचा इतिहास म्हटले की कोळशाच्या खाणी आणि तेलविहिरी डोळ्यांसमोर येतात. माझ्या देवळाली प्रवरेत यांपैकी काहीच नाही. तरीही पर्यावरणीय इतिहास आणि ऊर्जेचे राजकारण या विषयावर पीएच.डी.चा आराखडा लिहायला घेतला, तेव्हा मला फार दूर जावे लागले नाही. शेतातून जाणारा पाट पुरेसा ठरला. कसा, ते पाहू.

२) १८८४ च्या नगर जिल्हा गॅझेटिअरमध्ये प्रवरेवरील ओझर आणि लाख या कालव्यांची नोंद आहे. लाख तर आमच्याच राहुरी तालुक्यातले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे भीषण दुष्काळ आले आणि मोठ्या साठ्याची निकड सरकारला पटली. १९१० मध्ये भंडारदरा धरणाचे काम सुरू झाले, ते १९२६ मध्ये पूर्ण झाले. गव्हर्नर विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले.

३) धरणामागचा युक्तिवाद दुष्काळनिवारणाचा होता. पण बरा पाऊस झाला की ज्वारी-बाजरीचा शेतकरी पाटाचे पाणी विकत घेईना आणि कालव्याचा खर्च निघेना. वर्षभर पाणी घेणारे आणि पाणीपट्टी चुकवू शकणारे पीक एकच होते : ऊस. भुकेसाठी बांधलेला पाट अशा रीतीने साखरेकडे वळला. हरेगावची बेलापूर कंपनी, आणि १९५० च्या सुमारास लोणीचा प्रवरा सहकारी कारखाना, ही त्याच वळणावरची ठिकाणे.

४) येथे जगाकडे थोडे पाहू. टिमोथी मिचेल यांनी ‘कार्बन डेमॉक्रसी’ (२०११) या ग्रंथात एक विचार मांडला. कोळसा खाणीतून, रेल्वेतून, बंदरातून जाई. त्या वाटेवर कामगारांनी कोठेही हात आखडता घेतला, तर अख्खा देश थांबे. त्या बळावर त्यांनी हक्क मिळवले. तेलाच्या वाटेवर माणसे कमी लागली आणि ते बळही ओसरले. ऊर्जा कोणत्या वाटेने वाहते, त्यावर सत्ता कोणाच्या हाती जाते हे ठरते.

५) हाच प्रश्न उसाला विचारून पाहा. ऊस म्हणजे साठवलेले ऊनच. पण तोडल्यावर तो लवकर गाळला नाही, तर साखरेचा उतारा घटतो. एकटा शेतकरी म्हणूनच कारखान्यापुढे हतबल असे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकरीच कारखान्याचे मालक झाले. नगर जिल्ह्याच्या राजकारणाची किल्ली पुढे कित्येक दशके गव्हाणीपाशी आणि पाटाच्या आवर्तनापाशी राहिली, ती याच कारणाने.

६) आज हाच ऊस उघडपणे इंधन झाला आहे. बगॅस जाळून सहवीजनिर्मिती होते, मळीपासून आणि रसापासून इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य २०२२ मध्ये २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडण्याच्या धास्तीने केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी घातली आणि काही दिवसांतच ती सैल केली. ऊस अन्न की इंधन, हा निर्णय ना पाटावर झाला, ना गव्हाणीपाशी.

७) नदीच्या उगमाकडे तर आणखी नवल आहे. प्रवरेच्या माथ्यावर घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असताना कोकणच्या बाजूचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज घ्यायची. यात मिळते त्याहून अधिक वीज खर्च होते, परंतु ती हव्या त्या वेळी हाती येते. नदीचा माथा म्हणजे एक बॅटरीच झाला आहे.

८) मग संशोधकाने करायचे काय? मुंबईच्या पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याची जुनी दप्तरे उलगडायची. त्यांत एकर, क्युसेक आणि रुपये सापडतात. माणसे मात्र क्वचित. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची जमीन गेली, त्यांचा आवाज तेथे शोधावा लागतो. आणि ऊसतोडीचा हिशेब पाहा : नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल त्या कोयत्यावर, मुकादमाशी करारही त्या कोयत्यावर. ज्यांच्या शरीरबळावर हा डोलारा उभा, त्यांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते. बाईचे श्रम तर वेगळे मोजलेच जात नाहीत.

९) मिचेल यांच्या खाणकामगाराला ऊर्जेची वाट अडवता आली. आमच्याकडे बागायतदाराला ती ताब्यात घेता आली. कोयत्याच्या वाट्याला तेवढे बळ का आले नाही? ऊसतोड कामगारांचे संप झाले, दरही वाढले, तरी मालकी आली नाही. माझ्या आराखड्यातला खरा प्रश्न हाच आहे.

१०) याचे उत्तर केवळ दप्तरांत मिळणार नाही. आपल्या घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांना पाटकरी, रात्रीची पाण्याची पाळी आणि तळावर उतरलेल्या टोळ्या यांविषयी अवश्य विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. उद्याच्या संशोधकाला तेच दप्तर ठरेल. थ्रेड समाप्त.