दफ्तर बदलले, पण शिकवले काय?

कनेरगाव नाका हे नावच हद्दीचे आहे. हिंगोलीहून वाशीमकडे निघाले की आपला जिल्हा इथे संपतो. एके काळी इथे राज्यच संपत असे. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेले वऱ्हाड. अलीकडच्या तहसिलीचे कागद उर्दूत, पलीकडच्या कचेरीचे मराठीत आणि इंग्रजीत.

आज दोन्ही बाजूंचा तलाठी एकच संगणक प्रणाली उघडतो, ई-फेरफार. वारसाची नोंद घ्या, नोटीस काढा, हरकतीसाठी 15 दिवस थांबा, मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. हे सगळे संगणकावर कसे करायचे याची प्रशिक्षणे तालुक्याच्या ठिकाणी होत आली. आता तलाठ्याचे पदनामही बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झाले आहे. आपल्याला वाटते की कर्मचाऱ्याला नव्या पद्धतीत शिकवून तयार करणे ही संगणकाच्या काळातली गोष्ट. पण आपल्या भागातल्या कारकुनाने हे गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा भोगले आहे.

पहिला बदल 1884 च्या सुमाराचा. पहिल्या सालारजंगाने 1853 ते 1883 या काळात दिवाण म्हणून खाती उभी केली, पण दफ्तर फारसीतच होते. त्याच्या मागे फारसीच्या जागी उर्दू आली. हा बदल कारकुनाला तुलनेने सोपा गेला असणार. लिपी तीच, उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सवय तीच आणि महसुलाचे शब्दही बहुतेक तेच. बदलले ते वाक्य.

दुसरे पाऊल 1917 चे. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये सुरू झाले, पण त्याआधीच 'दारुल-तर्जुमा' म्हणजे भाषांतर संस्था उभी राहिली. उर्दूतून उच्च शिक्षण द्यायचे तर आधी पुस्तके आणि परिभाषा हवी, हे त्या लोकांना कळले होते. शिक्षक म्हणून मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. शिकवण्याआधी शिकवण्याचे साहित्य तयार करणे, ही बी.एड.च्या पहिल्या महिन्यातली गोष्ट आहे.

तिसरा बदल 17 सप्टेंबर 1948 नंतरचा, आणि तो सगळ्यात कठीण. या वेळी भाषा, लिपी आणि सत्ता तिन्ही एकदम बदलल्या. अनेक मुस्लिम नोकरदारांच्या नोकऱ्या गेल्या. जे राहिले त्यांना भर नोकरीत नवी लिपी धरावी लागली. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1962 मध्ये 'पदनाम कोश' निघाला, 1964 मध्ये राजभाषा अधिनियम झाला. 'अव्वल तालुकदार' गेले आणि 'जिल्हाधिकारी' आले. पण तहसीलदार राहिला. महसूल, वसूल, बाकी, अर्ज, हरकत, नक्कल, तारीख हे शब्दही राहिले. आज संगणकाच्या पडद्यावर तलाठी जे मराठी वाचतो, त्यात आपल्या उर्दूचा किती मोठा वाटा आहे, हे त्यालाही अनेकदा ठाऊक नसते.

चौथा बदल संगणकाचा. 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी पोहोचले. शासनाने संगणक परीक्षा बंधनकारक केली, न झालेल्यांच्या वेतनवाढीचा प्रश्न निर्माण झाला. टाइपरायटरवर बोटे बसलेल्यांना युनिकोड आणि इनस्क्रिप्टचा कळफलक नव्याने शिकावा लागला. मग सातबारा संगणकावर चढला, चुका निघाल्या, आणि 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातला उतारा लोकांसमोर वाचायचा, चूक निघाली की दुरुस्त करायची. माझ्या मते या साऱ्या कामातला हाच उत्तम धडा होता, कारण इथे तपासणारा स्वतः खातेदार होता. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

आणि 2023 मध्ये चाक उलटे फिरले. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकालीन दफ्तरे उघडली, तेव्हा त्यातले कागद उर्दूत आणि मोडीत निघाले. संगणक शिकलेले कर्मचारी होते, कागद वाचणारे नव्हते. मोडी आणि उर्दूच्या जाणकारांचा शोध सुरू झाला. चार वेळा पद्धत बदलली, दर वेळी नवे शिकवले गेले, पण जुने वाचणारी माणसे सांभाळायचे काम कुणाकडे राहिले नाही.

हे वाचन सोपेही नाही. उर्दूत 'खान' आणि 'जान' यांचा आकार एकच, एका ठिपक्याची जागा वेगळी. शिकस्ता म्हणजे घाईच्या कचेरी वळणात ते ठिपकेही गळतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सलग धावतात. साल फसली असते. त्यात 590 मिळवले की इसवी सन साधारण मिळतो. हैदराबादचा जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा आजही 1358 फसली असाच ओळखला जातो, म्हणजे 1948-49. हे ठाऊक नसलेल्या माणसाने नोंद संगणकात भरली, तर नाव आणि साल दोन्ही बिघडू शकतात. मग वारसाने महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज घेऊन तहसिलीच्या पायऱ्या झिजवायच्या.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली शासनासाठी. मराठवाड्यात महसूल कर्मचाऱ्यांना संगणक प्रणाली शिकवताना एक दिवस जुन्या कागदासाठी ठेवा. फसली सन, खासरा पाहणी पत्रक, उर्दू आकडे, नावांची संक्षिप्त रूपे, एवढे जरी शिकवले तरी पुष्कळ.

दुसरी आपल्या लोकांसाठी. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाला छापील नस्तालीक वाचता येते, पण तेवढ्याने तहसिलीचा कागद वाचता येत नाही. त्याला शिकस्ता, महसुली शब्द आणि चांगली मराठी या तिन्हींची तालीम हवी. उन्हाळी सुट्टीत आपल्या घरातल्या पेटीत पडलेले आजोबांचे कागद घेऊन मुलांना बसवा, एकेक ओळ वाचू द्या आणि शेजारी मराठीत लिहू द्या. अशी वाचणारी पोरे तयार झाली, तर त्यांचा उपयोग फक्त मुसलमानांच्या जमिनीला होणार नाही. 2023 मध्ये ज्यांच्या नोंदी शोधल्या गेल्या, ते मराठा शेतकरी होते आणि त्यांचे कागद उर्दूत होते.