गाठ कुणी शोधायची?

भुसावळ स्टेशनात मुंबईची गाडी लागली की एखादी बाई फाइल छातीशी धरून चढते. सोबतचा माणूस एवढंच सांगतो, ‘टाटाला चाललो.’ परळच्या याच टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक अभ्यास सुरू केला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाख स्त्रिया. त्यांतल्या निम्म्यांची स्तनतपासणी दर दोन वर्षांनी, यंत्राविना, नुसत्या हाताने.

त्याच वर्षी अमेरिकेत मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, तपासायला संगणकाची मदत घ्यायची परवानगी मिळाली. चुन्याचे बारीक कण, गाठीसारख्या सावल्या दिसल्या की यंत्र तिथं खूण करी, निर्णय डॉक्टरचा. पण खुणा नको तिथंही पडत. २००७ मध्ये सुमारे सव्वादोन लाख स्त्रियांचा हिशेब निघाला, तेव्हा निष्कारण फेरतपासण्याच वाढलेल्या दिसल्या. पुढची यंत्रं असंख्य चित्रांवरून शिकली. स्वीडनमध्ये २०२३ साली त्यांनी डॉक्टरांचं चित्रं वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी हलकं केलं, रोग सापडण्याचं प्रमाण न घटता.

मुंबईचा निकाल २०२१ मध्ये आला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी! त्याआधीच्या वयात तसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं.

यंत्राचं कौतुक मलाही आहे. पण त्याला आधी चित्र लागतं. आमच्या मोहल्ल्यात गाठ हाताला लागली तरी बाई महिनोन्‌महिने बोलत नाही. दुखत नाही ना, मग राहू दे. मुंबईत तपासणीच वस्तीत गेली होती, आणि तपासणारीही बाईच होती.