थरथरता आरसा

30 मे 1911 रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. रे हॅरून आपल्या पिवळ्या मार्मन वास्प गाडीत एकटाच बसला होता. बाकीच्यांच्या शेजारी एकेक मेकॅनिक होता. गाडीवर लक्ष ठेवायचं आणि मागून कोण येतंय ते सांगायचं, हे त्याचं काम. हा एकटा कसा, याच्यासाठी मागे कोण बघणार, अशी तक्रार प्रतिस्पर्ध्यांनी केली. तेव्हा हॅरूनने गाडीच्या पुढ्यात चार दांड्यांवर आठ इंच लांब आणि तीन इंच उंच आरसा बसवला. शिकागोत एका घोडागाडीवर असा आरसा आपण पूर्वी पाहिला होता, असं तो सांगे. शर्यत त्यानेच जिंकली, ताशी सरासरी 120 किलोमीटरने. बऱ्याच वर्षांनी मात्र त्याने कबूल केलं, की त्या आरशात फारसं काही दिसतच नव्हतं. धावपट्टी विटांची, सुमारे 32 लाख विटांची. आरसा इतका थरथरत होता, की मागची गाडी म्हणजे नुसता रंगाचा फराटा.

मोटरसायकलच्या आरशाची कुळी शोधताना मी याच कबुलीपाशी थांबतो. मागचं दाखवणारी काच माणसाकडे शतकानुशतकं होतीच. नव्हती ती काचेला स्थिर धरणारी जागा. दुचाकीवरचा आरसा सुधारला तो मुख्यतः काचेच्या खाली: दांडीत, हँडलमध्ये आणि सगळ्यांत जास्त इंजिनाच्या पोटात.

हॅरूनच्या आधी दोन वर्षं, 1909 मध्ये, डोरोथी लेव्हिट या इंग्लिश शर्यतपटूने बायकांसाठी मोटार चालवण्याचं पुस्तक लिहिलं. सीटखालच्या खणात हातमोजे आणि रुमालाबरोबर दांडीचा छोटा आरसा ठेवा आणि रहदारीत मध्येच तो उंच धरून मागचं पाहा, असा तिचा सल्ला होता. सल्ला शहाणपणाचा, पण मोटारीपुरता. त्या काळच्या मोटरसायकलस्वाराला मोकळा हात कुठला? हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांच्या वेगवेगळ्या कळा हँडलवर, शिवाय गाडीचा तोल त्याच दोन हातांवर. त्याला एक सोय मात्र होती. डोक्यावर टप नाही, मागे काच नाही, मान वळवली की सगळा रस्ता समोर. म्हणून दुचाकीवर आरसा उशिरा आला आणि बराच काळ हौसेची वस्तू राहिला. ब्रिटनमध्ये 1986 च्या नियमांतही दोन चाकांच्या मोटरसायकलवर आरसा सक्तीचा नाही. बसवला तर तो प्रमाणित हवा, एवढंच. वळण्याआधी खांद्यावरून मागे टाकायची नजर तिथल्या शिकवणीत अजून महत्त्वाची आहे. तिला ते ‘लाइफसेव्हर’ म्हणतात, म्हणजे जीव वाचवणारी.

आपल्याकडे ही नजर फार काळ दुसऱ्याची होती. डबलसीट बसलेल्याला ‘मागे बघ रे, काही येतंय का?’ म्हणून विचारायचं आणि त्याच्या ‘चल, चल’वर वळायचं. माझ्या लहानपणी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून मी हेच काम करत असे. हॅरूनने गाडीतून उतरवलेला तो मेकॅनिक आमच्या घरी मीच होतो. त्या कामाचं ओझं मला नीट आठवतं, कारण माझ्या एका शब्दावर चौकात गाडी वळत होती.

आता थरथरीकडे वळू. शाळेत शिकलेली एक गोष्ट इथे जिवावर बेतते: आरसा जेवढ्या अंशाने फिरतो, त्याच्या दुप्पट अंशाने परावर्तित किरण फिरतो. आरसा अर्धाच अंश कलला, तर किरण एक अंश सरकतो आणि पन्नास मीटर मागे असलेला ट्रक आरशात जवळजवळ नव्वद सेंटिमीटर बाजूला झाल्यासारखा दिसतो. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला पन्नास वेळा घडतं. इतक्या वेगाने हलणारी चित्रं डोळा वेगळी करू शकत नाही, तो सगळी एकात एक मिसळतो. एकच दिवा लांबट रेघ होतो, किंवा एकाचे दोन दिसतात. रात्री हमरस्त्यावर मागून मोटार येते आहे की शेजारी शेजारी दोन मोटरसायकली, हे कळत नाही. त्यात आरसा लांब दांडीच्या टोकाला बसलेला. टोकाला वजन असलेल्या प्रत्येक दांडीला स्वतःची एक लय असते आणि इंजिनाची लय तिच्याशी जुळली की थरथर कैकपटीने वाढते. म्हणून काही गाड्यांवर आरसा ताशी चाळीसला स्वच्छ असतो, पंचावन्नला पुसट होतो आणि सत्तरला पुन्हा निवळतो.

यावर पहिला उपाय सरळ होता: आरसा जड करा, दांडी जाड करा, मध्ये रबर घाला. हँडलच्या दोन टोकांना आत वजनं बसवण्याची पद्धत याच जातीची. जड टोक हलायला सुस्त असतं.

दुसरा उपाय आरशाकडे पाहतसुद्धा नव्हता. 1967 मध्ये नॉर्टन कंपनीने कमांडो ही मोटरसायकल दाखवली. तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा भाग असे सगळे मिळून रबरावर टांगले होते. हादरा इंजिनात राहावा, स्वाराच्या हाताला पोचू नये, हा हेतू. तिसरा उपाय मुळावरच घाव घालणारा. इंजिनात एक जास्तीचा दांडा बसवायचा, त्यावर एका बाजूला वजन ठेवायचं आणि पिस्टन जिकडे झटका देतो त्याच्या उलट दिशेला त्या वजनाने त्याच क्षणी झटका द्यावा, असं त्याला फिरवायचं. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने मोटारीसाठी ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. यामाहाने 1972 मध्ये ती टीएक्स 750 या दोन सिलिंडरच्या मोटरसायकलमध्ये आणली. गाडी खरोखर मऊ चालली. पण वेगात ती फिरती वजनं खालच्या तेलाचा फेस करत, वंगण कमी पडे आणि इंजिनं बिघडत. मॉडेल लवकरच बंद पडलं, कल्पना टिकली. आज मध्यम आकाराच्या बहुतेक मोटरसायकलींत तो दांडा असतो.

आपल्याकडे हा फरक ज्यांनी अनुभवला ते बुलेटवाले. बुलेट मद्रासला 1955 पासून तयार होऊ लागली आणि त्या एका मोठ्या सिलिंडरचा ठोका म्हणजेच तिची ओळख ठरली. तिच्या मालकांनी आरशातला धूसरपणा त्या ठोक्यासाठी मोजलेली किंमत म्हणून स्वीकारला. 2020 च्या अखेरीस आलेल्या, बुलेटच्याच कंपनीच्या मेटिअर 350 मध्ये तोल सांभाळणारा दांडा बसवला गेला आणि आरसा निवळला. जुन्या चाहत्यांना ठोका हरवल्याची हळहळ वाटते, ती मी समजू शकतो. तरी मागून येणाऱ्या ट्रकचे दिवे मोजता येणं मला ठोक्याहून मोलाचं वाटतं.

काचेबद्दल थोडंच सांगायचं आहे, पण ते महत्त्वाचं. दुचाकीचा आरसा बहुधा किंचित फुगीर असतो. फुगीर काचेत रस्ता जास्त मावतो. संयुक्त राष्ट्रांच्या दुचाकी आरशांच्या नियमात या फुगीरपणाची त्रिज्या 1000 ते 1500 मिलिमीटर ठरवली आहे. त्रिज्या 1200 मिलिमीटर आणि डोळा आरशापासून साठ सेंटिमीटरवर धरून मी हिशेब मांडला. वीस मीटर मागे असलेली मोटार सपाट आरशात दिसते त्याच्या साधारण निम्मीच दिसते. म्हणजे ती चाळीस मीटरवर आहे असं वाटतं. फुगीर आरशात पाहून ‘अजून लांब आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येक स्वाराने हा आकडा लक्षात ठेवावा, असं मला कळकळीने वाटतं.

मग अडचण उरते स्वतःच्या कोपराची. आरसा आतल्या बाजूला असेल, तर त्यात आपलीच बाही दिसते. अमेरिकन नियमात म्हणूनच आरशाचा मध्य गाडीच्या मध्यरेषेपासून किमान 279 मिलिमीटर बाहेर हवा. कुणी आरसा हँडलच्या टोकाला, मुठीच्याही पलीकडे नेला. बीएमडब्ल्यूने 1983 च्या के 100 आरएसमध्ये तो हँडलवरून काढून पुढच्या कवचावर, हातांच्या खालच्या पातळीला बसवला. तिथून कोपराखालून मागे पाहता येतं आणि तोच भाग हाताला वाऱ्यापासून आडोसा देतो. मला तर या सगळ्या कुळीतला हा सर्वांत विचारी आरसा वाटतो.

अलीकडे मागे पाहण्यासाठी रडारही आलं. 2020 मध्ये आलेल्या डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही 4 ला मागच्या बाजूला रडार जोडता येतं. खांद्याआडून कुणी जवळ आलं की इशाऱ्याचा दिवा लागतो. तो दिवा मात्र आरशावरच आहे, कारण स्वाराची नजर तिथे जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दांडीची एक गोष्ट राहिली. यामाहाच्या गाड्यांवर, आपल्या रस्त्यांवर 1985 मध्ये आलेल्या आरएक्स 100 वरही, उजव्या आरशाचा आटा उलटा असतो. नवखा पोरगा नेहमीसारखा डावीकडे फिरवून तो सोडवायला जातो आणि आणखी घट्ट करून ठेवतो. कारण साधं आहे. आरशाचं डोकं दांडीच्या बाहेरच्या बाजूला असतं. समोरून धक्का बसला, की ते मागे ढकललं जातं. डावीकडे त्याने नेहमीचा आटा सुटतो. उजवीकडे तोच आटा आवळला जाईल आणि दांडी तुटेल किंवा सगळा धक्का हँडलवर येईल. आटा उलटा असला, की आरसा वळतो, सैल होतो आणि स्वाराच्या हातातलं हँडल सरळ राहतं. आमच्या भागातले एक वयस्कर मिस्त्री नव्या पोराला सगळ्यांत आधी हेच शिकवतात. दोन्ही आरसे काढून फडक्यावर ठेवतात, आटे एकमेकांशेजारी धरून दाखवतात आणि मग त्याला स्वतःच्या हाताने दोन्ही परत बसवायला लावतात.