धुकं पडलं की लाईट का जाते? विजेच्या खांबावरचा ‘फ्लॅशओव्हर’ समजून घ्या

सातारा-सांगली पट्ट्यात साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं, त्याच दिवसांत कृष्णाकाठी पहाटेचं दव आणि धुकंही वाढतं. अशा पहाटे खांबावरून चर्र असा आवाज येतो, कधी निळसर ठिणगी दिसते आणि फीडर ट्रिप होतो. वारा नाही, पाऊस नाही, तारही शाबूत. मग लाईट गेली कशी?

तार आणि खांब यांच्यामध्ये चिनी मातीचा इन्सुलेटर असतो. कोरड्या हवेत ठिणगी पडायला दर सेंटिमीटरला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात. चिनी माती आतून फुटणं त्याहून अवघड. कच्चा दुवा आहे तो या दोघांच्या सीमेवरचा, म्हणजे इन्सुलेटरचा पृष्ठभाग.

चिमणीची राख, वीटभट्टीची काजळी, रस्त्याची धूळ तिथे साचते. कोरडी असेपर्यंत ती फारशी त्रासदायक नसते. दव पडलं की तिच्यातले क्षार विरघळतात आणि त्या ओल्या थरातून थोडा प्रवाह गळू लागतो. प्रवाहाने थर तापतो. देठाजवळच्या अरुंद भागात सर्वात जास्त. तिथली ओल वाळते, कोरडा पट्टा तयार होतो आणि जवळपास सगळा व्होल्टेज त्या बोटभर पट्ट्यावर येतो. मग ठिणगी पट्टा ओलांडते. चर्र आवाज तो हाच. बहुतेक वेळा ती विझते. पण थर पुरेसा ओला आणि खारट असेल, तर ती लांबत जाऊन तारेपासून खांबापर्यंत पोचते. हाच फ्लॅशओव्हर. धो धो पाऊस त्या मानाने परवडला, तो निदान इन्सुलेटर धुऊन काढतो!

इन्सुलेटरला छत्रीसारखे घेर असतात ते ही वाट लांबवण्यासाठी. जास्त प्रदूषणाच्या भागात दर किलोव्होल्टला २५ मिलिमीटर वाट धरतात. ११ केव्ही लाईनचा कमाल दाब १२ केव्ही, म्हणजे ३०० मिलिमीटर. कोयनेची वीज नेणाऱ्या ४०० केव्ही लाईनवर चकत्यांची लांबलचक माळ दिसते ती त्यामुळेच.

सिलिकॉन रबराच्या इन्सुलेटरवर पाणी पसरत नाही, सुटे थेंब राहतात. दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो: किंचित वीज वाहू देणारा अर्धवाहक लेप. त्यातला बारीक प्रवाह पृष्ठभाग कोमट आणि कोरडा ठेवतो, दाबही सगळीकडे सारखा वाटला जातो.

फ्लॅशओव्हरच्या क्षणी लोखंडी खांबातही वीज उतरू शकते. सतत चर्र आवाज येत असेल किंवा इन्सुलेटर तडकलेला दिसला, तर खांबाला, ताणाच्या तारेला हात न लावता लांबूनच महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावं.